हात न लावलेली खांड

प्रिय पिंके, माझे धाकटे बाय,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी घाबरली असशील. कुणी गेलंबिलं नाही गो, सगळे जिवंत आहेत. फोन चालू आहे, रिचार्जही आहे, तरी ही बया कागद घेऊन बसली म्हणजे हिचं डोकं फिरलं, असं म्हणशील. थोडं फिरलंच आहे. पण फोनवर आपलं कधी धड बोलणं होतं का? तू तिकडे भाकऱ्या थापत असतेस, मी इकडे सासूबाईंना औषध देत असते, आणि "बाकी काय, बरं हाय ना" म्हणून ठेवून देतो. तर यावेळी बरं नाही. आमच्या शेतात खाडीचं खारं पाणी शिरलंय, आणि ज्या कामाच्या भरवशावर मी यंदा या गावात टिकणार होते ते कामही गेलं. दोन्ही कशी गेली ते सांगते. मधे मधे राग येईल माझ्या लिहिण्यात, तो तुझ्यावरचा नाही.

माझ्या लग्नात तू करवली म्हणून आली होतीस ते आठवतं? लग्न लागायच्या आधी तू बांधावर पळत गेलीस आणि धापा टाकत परत येऊन मला म्हणालीस, ताय, इथे खाडी वर आणि शेत खाली हाय, हे लोक झोपतात कसे? मी हसले होते. आपण रोह्याकडच्या उंचावरच्या वरकस जमिनीतल्या, आपल्याला नदी ठाऊक, उधाण कुठे ठाऊक! लग्नानंतर महिन्याच्या आत मला कळलं की हे लोक झोपतात ते त्या मातीच्या बांधाच्या भरवशावर. अमावस्या-पुनवेला पाणी चढतं, बांध कुठे तरी खचतो आणि भगदाड पडतं. त्याला इकडे खांड म्हणतात. मी नवीन होते, हातात हिरवा चुडा, अंगावर पूजेची साडी. बाहेरून कुणी तरी ओरडलं, "खांड पडली रंऽऽ!" आणि शेजारच्या बाईने तव्यावरची भाकरी तशीच टाकून धूम ठोकली. मी दारात उभी राहून बघत होते. सासूबाईंनी माझ्या हातात घमेलं कोंबलं आणि म्हणाल्या, "काय गो, मुहूर्त बघतेस?" कंबरभर चिखलात उभी केली मला. ओहोटी असेपर्यंतच काम करता येतं, म्हणून सगळं गाव रांग करून चिखलाचे गोळे या हातातून त्या हातात देतं, आणि खांडीच्या तोंडाशी बाप्ये पेंढा आणि माती चोपत असतात. घरटी एक माणूस यायलाच पाहिजे. बोलचाल बंद असलेले भाऊही शेजारी उभे राहून एकमेकांना गोळा देतात, तोंडाने काही बोलत नाहीत एवढंच. शिव्या मात्र कुणीही कुणालाही देतं. माझी साडी गेली ती गेलीच, पण त्या दिवसापासून मला या गावात कुणी परकी म्हटलं नाही.

आता यंदाचं ऐक. तुझ्या भावोजींचं तुला माहीतच आहे. मिठागर बंद पडलं तेव्हा हा माणूस अगदीच हरवला होता. मग डोलवीला कंपनीत ठेकेदाराकडे लागले, शिफ्टला जायचे, घर चालत होतं. ठेका संपला आणि नव्या ठेकेदाराने तरणी पोरं घेतली. मी कारखान्यात गणपती रंगवायला जायचे, तिथेही यंदा माणसं कमी केली. मग आम्ही बायकांनी ठरवलं की रोजगार हमीचं काम मागायचं, आणि तेही आमच्याच बांधावर. पूर्वी पुरुषभर उंचीचा असलेला बांध खचून माझ्या छातीला लागत होता. मजुरी मिळेल, बांध उंच होईल, शेत वाचेल, कुणाला गाव सोडावं लागणार नाही. ग्रामसभेत मी उभी राहून बोलले. तुला खोटं वाटेल, पण माझा आवाज बाजारात भांडावं तसा निघत होता. दिनानाथ म्हणून आमच्याकडचा रोजगार सेवक आहे, सरकारी कामाची मागणी, हजेरी सगळं तोच बघतो. भला माणूस. त्याने धावपळ करून काम मंजूर करून आणलं आणि मला मेट केलं. मेट म्हणजे मजुरांवरची मुकादमच म्हण, पण रोज सकाळ-दुपार सगळ्यांचा फोटो मोबाइलवर चढवायचा, तेव्हा हजेरी. मी दिपिकाकडून शिकून घेतलं. दिपिका म्हणाली, आई, फोटो काढताना तू स्वतः श्वास का रोखतेस? मी इतकी खूश होते, पिंके, की सासूबाईंना नवीन चष्मा करायचा वगैरे मनात ठरवून बसले होते.

काम सुरू व्हायच्या आधी तालुक्याचे साहेब येऊन मोजमाप घेणार आणि बांध आता कसा आहे त्याचा फोटो काढणार, असा नियम. त्याशिवाय कामाला हात लावायचा नाही. साहेबांचा वार ठरला. आणि त्याच्या आदल्याच दिवशी, चैत्री पुनवेच्या उधाणाला, भर दुपारी आरोळी आली. आता तूच सांग, आरोळी आल्यावर कुणाला साहेब आठवणार? मी मोबाइल भिजेल म्हणून तांदळाच्या डब्यात ठेवला आणि घमेलं घेऊन पळाले. सगळं गाव पळालं. ओहोटी लागली तसे उतरलो, अंधार पडेपर्यंत खांड भरली, पहाटेच्या ओहोटीला परत उतरलो आणि पक्की केली. मग कुणी तरी म्हणालं, आता आलोच हाव तर तो पुढचा खचलेला तुकडाही उचलून टाकू. सगळ्यांच्या अंगात आलं होतं. गाणी काय म्हणत होतो, एकमेकींना चिखल काय फासत होतो! सूर्य वर आला तेव्हा बांध असा सुरेख दिसत होता की तुझे भावोजी, जे महिनोन्महिने हसले नव्हते, ते त्याच्यावर चालत जाऊन आले आणि म्हणाले, "झ्याक हाय."

साडेअकराच्या एसटीने साहेब आले. सुजय त्यांचं नाव, वयाने अगदी लहान, डोक्याला रुमाल बांधलेला, बिचारे घामाने निथळत होते. टेप काढली, कागद काढला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाले, "काम कुठंय?" आम्ही सगळे चिखलाने बरबटलेले, दात काढून उभे. दिनानाथने कपाळावर हात मारला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जे काम मंजूर होतं ते सगळं आम्ही आदल्या संध्याकाळी आणि पहाटे फुकटात करून टाकलं होतं. झालेलं काम पुन्हा करायचं म्हणून दाखवता येत नाही. आधीचा फोटो नाही, म्हणजे बांध कधी खचलेलाच नव्हता. मी म्हटलं, साहेब, आमच्या हातात चिखल होता, फोटो कुठल्या हाताने काढणार? ते टेप गुंडाळायला लागले. त्यांना वाईट वाटलं हे मला दिसत होतं, म्हणून आणखीनच चीड आली, धड भांडताही येईना. जाताना ते म्हणाले, ताई, पुढच्या वेळी हात लावू नका, आधी मला कळवा, मी आलो की लगेच काम सुरू करून देतो. त्यांनी चांगल्यासाठीच सांगितलं. पण हे वाक्य गावाने धरून ठेवलं. मीही धरून ठेवलं, का खोटं बोलू.

वैशाखातल्या पुनवेला बांध दुसऱ्याच ठिकाणी फुटला. निव्वळ मातीचा, दगड नाही, तो किती धरणार? परत तीच आरोळी, परत सगळे घमेली घेऊन बांधावर. आणि पिंके, कुणी खाली उतरलं नाही. सगळे थांबले. मला म्हणाले, मेट, फोटो काढ, साहेबांना फोन लाव. मी फोटो काढले. सुजय साहेबांना फोन लावला तर ते तुमच्या रोह्याच्या बाजूला मीटिंगमध्ये होते. म्हणाले, तुमच्या मोबाइलवरचा फोटो चालत नाही, माझ्याच मोबाइलवरून लागतो, उद्या दुपारपर्यंत पोचतो, तोवर थांबा. उद्या दुपारपर्यंत म्हणजे मधे आणखी भरत्या. ओहोटी लागली. खांड अजून लहान होती गो, एका बैलगाडीएवढी, सगळ्यांनी मनावर घेतलं असतं तर दिवेलागणीच्या आत भरली असती. आम्ही भरायची की नाही यावर बांधावरच भांडलो. एक म्हणे शेत जाईल. दुसरा म्हणे, भरली तर काम जाईल, मग पोरं काय माती खातील? प्रत्येकाचं खरं होतं. शेवटी ठरलं, एकच दिवस तर आहे, थांबू.

आम्ही बांधावर ओळीने उभे राहिलो. हातात रिकामी घमेली. ओहोटीचं पाणी खाली खाली जात होतं, काम करायची वेळ निघून चालली होती, आणि सगळं गाव नुसतं बघत होतं. माझ्या आयुष्यात मी असं काही बघितलं नाही. आणि मग सासूबाई खाली उतरल्या. ऐंशीच्या घरातली बाई, डोळ्याने धड दिसत नाही. एकट्या गुडघाभर चिखलात गेल्या, गोळा काढला आणि शेजारी द्यायला हात लांब केला. शेजारी कुणी नव्हतं. तशाच उभ्या राहिल्या हात लांब करून. मग स्वतःच दोन पावलं जाऊन तो गोळा खांडीत ठेवला, परत आल्या, दुसरा काढला. वरून कुणी तरी ओरडलं, "गिरजाबाय, वर या, आमचं काम घालवाल!" त्यांनी वळूनही बघितलं नाही. खाली मी गेले, पण घमेलं घेऊन नाही. त्यांच्या दंडाला धरून ओढत वर आणलं. घरी आणून पाय धुवायला बसले तर त्यांनी पाय मागे घेतले.

सुजय साहेब दुसऱ्या दिवशी कबूल केल्याप्रमाणे आले. तोवर खांडीतून होडी आरपार जाईल एवढी वाट झाली होती आणि बांधाच्या आतली सगळी शेतं पाण्याखाली. तळ्यातही खारं पाणी गेलं. तुझे जितेशराव दरवर्षी ज्या जिताड्याची वाट बघतात ते मासे पाण्याबरोबर खाडीत निघून गेले, सांग त्यांना. साहेबांनी मोजलं, फोटो काढले, त्यांच्या मोबाइलवरून. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो की आता म्हणतील, उद्यापासून या. ते म्हणाले, हे आता माणसांच्या हाताने होणारं काम राहिलं नाही. एवढ्या मोठ्या खांडीला पोकलेन लागेल, दगड लागेल, प्रस्ताव वरच्या खात्याकडे जाईल. आणि पावसाळ्यात इथे मशीन उतरत नाही, म्हणजे दिवाळीनंतर. पोकलेनवर दोन माणसं लागतात, पिंके, तीही बाहेरून येतात. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुम्हीच सांगितलं होतं थांबा म्हणून. ते म्हणाले, हो ताई. एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. आता माणूस समोर रडायला लागल्यावर त्याच्याशी भांडू कशी? मला वाटत होतं कुणाची तरी गचांडी धरावी, पण धरायला कुणी हाताला लागतच नाही. आता गावात काही जण म्हणतात, मेट बाईने फोन केला नसता तर आपण उतरलो असतो. म्हणू देत. बांधावर सगळे होते.

मिरगाच्या आधी खांड बुजली असती तर पावसाने खार धुऊन तरी गेला असता. आता रोज दोन वेळा खाडी आमच्या शेतात येते आणि जाते. यंदा भात नाही, पुढच्या सालीही नाही, नंतरचं देव जाणे. तुझे भावोजी सकाळी उठतात, बांधापर्यंत जातात, परत येऊन भिंतीला टेकून बसतात. मी चिडून म्हटलं, भिंत पडत नाही, धरून ठेवायची गरज नाही. पूर्वी अशा बोलण्यावर मला दोन सुनावायचे. आता म्हणतात, बरं. मला या "बरं"ची भीती वाटते. सासूबाई माझ्या हातचं जेवतात, पण मला हाक मारत नाहीत. काही हवं असलं की दिपिकाला सांगतात, तुझ्या आईला सांग. दिपिकाची बारावी आहे, ती पेणच्या कॉलेजच्या फीबद्दल काही विचारत नाही, उलट मला सांगते की शिकायला कंटाळा आलाय. माझीच पोरगी, मला कळत नाही का? रात्री मात्र पुस्तक उशाशी घेऊन झोपलेली असते.

पिंके, आता ज्यासाठी कागद घेतला ते लिहिते, नाहीतर अशीच वहावत जाईन. तुमच्या गावात तळ्याचा गाळ काढायचं काम सुरू आहे आणि त्यानंतर रस्त्याचं आहे, हे दिनानाथने मला मोबाइलवर बघून सांगितलं. माणसं कमी पडतायत असंही म्हणाला. मी विचारलं, मला जाता येईल का? तर म्हणाला, ज्या गावात राहता त्याच गावात नाव लागतं, वहिनी. तिथे लावायचं तर इथलं आधी कमी करावं लागेल. माझं नाव या गावातून कमी करायचं. मी हो म्हटलं. मला तुझ्या घरी राहायला घे, बाय. आई-बाबा गेल्यापासून माहेर म्हणजे तूच, पण मी माहेरपणाला येत नाहीये. पडवीत झोपेन, पहाटे पाणी भरेन, भांडी घासेन, दिवसभर कामावर असेन, आणि मिळेल ते दिपिकासाठी इकडे पाठवीन. तुझे भावोजी आणि सासूबाई इथेच राहतील, सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. थोरल्या बहिणीने धाकटीच्या सासरी पोटाला जाऊन राहावं, लोक काय म्हणतील ते मला तू सांगायला नको. फोनवर विचारलं असतं तर तू माझा आवाज ऐकून लगेच ये म्हणाली असतीस, आणि मग जितेशरावांशी, तुझ्या सासूबाईंशी तुला भांडावं लागलं असतं. म्हणून लिहिलं. सगळ्यांना विचार, सावकाश विचार, नाही म्हणावं लागलं तर नाही म्हण, मी तुझ्यावर कधी रुसणार नाही. आणि ये म्हणालीस तर एकच कर. मी उंबऱ्यात आले की नेहमीसारखी वाकून माझ्या पाया पडू नकोस. तुझ्या घरच्यांसमोर मला ते सोसायचं नाही.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
वैशाताय